तव्यातली फुल्ल गाडी

"छोटी, खुर्चीतून उठायचं नाही हं. मी खोकी घेऊन येते. लापशी झाकून ठेवलीय, आल्यावर भरवते." एवढं बजावून ताई बाहेर पडली आणि जाताजाता स्वयंपाकघराचं दारही लोटून गेली.

ही छोटी साठीला टेकलेली होती. उभा जन्म तिने शहराच्या बस हाकल्या होत्या. डेपोत तिला सगळे भोंगाबाई म्हणायचे, कारण गाडीचा हॉर्न बिघडला की ती खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायची आणि ट्रकवालेसुद्धा निमूट बाजू द्यायचे. पण घरात ती शेंडेफळ, त्यामुळे ताईच्या आणि दादाच्या लेखी ती अजून छोटीच. त्यात गेल्या हिवाळ्यात डावं अंग लुळं पडल्यापासून तिचं वय आणखीच उतरलं होतं. ताई तिला भरवायची, तिचं तोंड पुसायची, आणि भेटायला कुणी आलं की तिच्यादेखतच सांगायची, "आज अगदी शहाण्यासारखी वागली."

ताई काही दुष्ट नव्हती. निरोप मिळताच स्वतःचं घरदार टाकून धावत आली होती. दवाखान्यात उशाशी बसली होती, बहिणीला उचलता उचलता स्वतःची कंबर धरून घेतली होती. पण आता तिला तिच्या घराची ओढ लागली होती आणि छोटीला एकटं टाकून जायची छाती होत नव्हती. मग तिने आणि दादाने फोनवरच ठरवून टाकलं. हे घर बंद करायचं, सामान दादाच्या माळ्यावर टाकायचं, छोटीला ताईने गावी न्यायचं. भोंगाबाईला हे कळलं तेव्हा भांडी खोक्यांत जायला लागली होती.

"मी कुठेही जाणार नाही," ती म्हणाली होती.

"बरं बरं," असं म्हणून ताईने तिच्या तोंडात चमचा घातला होता.

आणि आज दादा टेम्पो घेऊन येणार होता.

जिन्यावरून ताईच्या चपलांचा आवाज खाली गेला तशी भोंगाबाईने लापशीवरचं झाकण उचललं. करड्या रंगाची, गुळगुळीत, वर पापुद्रा धरलेली. रंगाऱ्याने भिंतीची भेग बुजवायला कालवून ठेवावी तशी.

"खड्ड्यात जा," ती लापशीला म्हणाली आणि काठीवर भार देऊन उठली.

तिला फुल्ल गाडी खायची होती. हे नाव तिनेच ठेवलेलं. पहाटेच्या पाळीला निघण्यापूर्वी ती वर्षानुवर्षं तेच करून खायची. बिडाच्या जड, खोलगट तव्यात बटाट्याच्या फोडी खरपूस करायच्या, मग कांदा, ढोबळी मिरची, सॉसेजचे तुकडे, घरात जे काही उरलंसुरलं असेल ते, आणि शेवटी वरून अंडी फोडायची. तव्यात उभं राहायला जागा उरायची नाही, म्हणून फुल्ल गाडी. ते पोटात गेलं की दुपारपर्यंत भूक फिरकायची नाही, आणि भांडं घासायचं ते एकच.

स्वयंपाकघरात शिरल्यावर पहिली अडचण समोर आली. काठी धरली तर हात अडकतो आणि काठी सोडली तर पाय दगा देतो. तिने थोडा विचार केला, मग काठी दारामागे उभी केली आणि ओट्याला पोट टेकवून उभी राहिली. ओटा भक्कम होता. ओट्याच्या कडेकडेने सरकत गेलं तर पडायचं कारण नव्हतं.

तवा खोक्यात होता. खोक्याला ताईने चिकटपट्टीचे वेढे असे घातले होते, जणू आत चोर कोंडलाय. भोंगाबाईने सुरी घेतली आणि पट्टी उभी चिरली. वर्तमानपत्राचे बोळे, कपबश्या, गाळणी, आणि सगळ्यात तळाशी तवा. ती स्टुलावर बसली, खोकं दोन पायांत धरलं आणि तव्याच्या दांड्याला धरून ओढू लागली. पहिल्या झटक्यात खोकं आडवं झालं. दोन बश्या फुटल्या. फुटू देत. तवा आधी मांडीवर आला, मग स्टुलावर, मग ओट्यावर, मग गॅसवर. एवढ्यानेच तिच्या नाकी नऊ आले. कपाळाचा घाम तिने खांद्याला पुसला आणि स्वतःशीच म्हणाली, "इंजिन गरम झालं. आता थांबायचं नाही."

बटाटे मात्र तिच्याशी खेळायला लागले. डावा हात धरायचं विसरला होता, आणि नुसत्या सुरीला बटाटा कुठला ऐकतोय? जरा दाबला की टुणकन उडी मारून सिंकमध्ये. दोनदा तिने तो तिथून काढला, धुतला, पुन्हा फळीवर ठेवला. तिसऱ्यांदा तिने बटाट्याला अशी काही शिवी हासडली की तशी तिने भर चौकातसुद्धा कुणाला दिली नव्हती. मग तिचं लक्ष ओट्याखालच्या खणाकडे गेलं. खण अर्धवट उघडला, बटाटा फटीत उभा ठेवला आणि कमरेने खण दाबून धरला. बटाटा जागच्या जागी गच्च. वरून सुरी चालवली तर अर्धा कापून हातात. तो अर्धा फळीवर पालथा घातला की मग पळायचं नाव नाही.

"आता कसा सापडलास?" ती बटाट्याला म्हणाली.

कांदाही तसाच खणात धरला. ढोबळी मिरची मुठीने फळीवर चेचून फोडली आणि बिया झटकल्या. फोडी काही सारख्या झाल्या नाहीत, काही बोटाएवढ्या, काही नखाएवढ्या. तेलाच्या बाटलीचं झाकण दातांनी फिरवलं. लायटर उजव्याच हाताचा आणि गॅसचा खटकाही उजव्याच हाताचा, म्हणून आधी खटका फिरवून लगेच लायटर उचलायला लागला. तेवढ्यात गॅस थोडा जास्त सुटला, ज्योत भपकन वर आली. क्षणभर वाटलं, बंद करावा आणि मुकाट खुर्चीत जाऊन बसावं. ताई आल्यावर चमच्याची वाट बघत.

तिने ज्योत बारीक केली आणि तेल ओतलं.

बटाटे तेलात पडल्यावर चर्र झालं आणि घराला वास आला. किती दिवसांनी या घराला औषधांशिवाय दुसरा कसला वास आला होता! फोडी तव्यात पसरून ती उलथणं घेऊन नुसती उभी राहिली. बटाट्याला सारखं ढवळलं की त्याचा लगदा होतो. खालून तांबूस कवच धरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हे थांबणं तिला जमायचं, सिग्नलला थांबायची सवय होती.

बटाटे उलटताना तवा गोल फिरायला लागला. एक हात उलथण्याला, मग दांडा कोण धरणार? तिने पाण्याने भरलेलं पातेलं शेजारच्या शेगडीवर ठेवून तव्याचा दांडा त्याला टेकवला. तवा अडला. कांदा गेला, मिरची गेली, सॉसेजचे तुकडे गेले. मनगटावर तेलाचा थेंब उडाला, भाजलं. तिने मनगट नळाखाली धरलं आणि पुन्हा वळली.

तेवढ्यात दार उघडलं. ताई मोकळी खोकी कवेत घेऊन आत आली, वास आला तशी थबकली आणि खोकी तिथेच टाकून धावली.

"अगं बाई! छोटी! काय चालवलंयस हे?"

"नाश्ता."

"गॅस पेटवलास? तेल? अगं, पेटली असतीस म्हणजे? आणि हे काय, बश्या फोडल्या! सरक आधी. सरक, मी बघते."

"ताई, आत येऊ नकोस."

"वेडबिड लागलंय का?"

"लागलंय. तिथेच थांब."

ताई ऐकणाऱ्यातली नव्हती. तिने पाऊल पुढे टाकलं, गॅसच्या खटक्याकडे हात नेला, आणि भोंगा वाजला.

"थांब म्हणते ना!"

दवाखान्यातून आल्यापासून तिने आवाज चढवला नव्हता. तोंड जरा वाकडं झालं होतं, शब्द घसरायचे, म्हणून ती हळूच बोलायची. पण हा आवाज जिन्यापर्यंत गेला. समोरच्या शिंप्याने दार उघडून डोकावलं आणि पुन्हा लावून घेतलं. ताईने हात मागे घेतला आणि ती दारापर्यंत मागे सरली.

"तू माझ्यावर ओरडलीस?" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "एवढं केलं तुझ्यासाठी, आणि..."

"केलंस. तुझ्याइतकं कुणी केलं नसतं. पण आता पुरे. मला अंडी फोडायचीत, मध्ये बोलू नकोस."

पहिलं अंडं हातातून निसटून जमिनीवर फुटलं. ताईच्या घशातून आवाज निघाला, पण पाय हलला नाही. दुसरं अंडं भोंगाबाईने तव्याच्या काठावर आपटलं, अंगठ्याने उघडलं आणि आत सोडलं. कवचाचा तुकडा पडला, तो उलथण्याच्या टोकाने काढला. तिसरं व्यवस्थित गेलं. चौथंही. मग मीठ, मिरपूड, वर झाकण.

खाली टेम्पोचा आवाज झाला आणि थोड्या वेळाने दादा धापा टाकत वर आला. दादा म्हणजे अंगाने डोंगर, पण ताईपुढे शेळी. त्याने दारातली ताई पाहिली, जमिनीवरचं अंडं पाहिलं, गॅसपुढची छोटी पाहिली आणि विचारलं, "कोण काय करतंय?"

"विचार तुझ्या लाडक्या बहिणीला," ताई म्हणाली.

"बस दादा," भोंगाबाई म्हणाली. "जेवणाच्या टेबलावर फळी टाक आणि तवा उचलून ठेव. तेवढं एक माझ्याच्याने होणार नाही."

दादाने तवा उचलला. आयता हुकूम मिळाला की त्याला बरं वाटायचं. तिघं टेबलाशी बसली. ताट एकही बाहेर नव्हतं, सगळी खोक्यांत, म्हणून तव्यातूनच खायला लागली. ताई मात्र हाताची घडी घालून बसली. एका बाजूचे बटाटे करपले होते, मधल्या दोन फोडी कच्च्या होत्या. पण बाकीच्या वरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारख्या. पिवळा बलक फुटून त्यांच्यावर ओघळला. दादा खात सुटला. भोंगाबाईही. कितीतरी दिवसांनी तिच्या दातांना काम मिळालं होतं.

"मग सामान कधी चढवायचं?" दादाने तोंड पुसत विचारलं.

"चढवायचं नाही. मी इथेच राहणार."

"छोटी," ताई म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात राग नव्हता. "तू त्या मोरीशी पडली होतीस. शिंप्याने दार फोडलं म्हणून वाचलीस. मी आले तेव्हा तुझ्या गालावर फरशीचे वळ होते. तू पाहिले नाहीस, मी पाहिले. डोळे मिटले की तेच दिसतं मला. पुन्हा पडलीस तर?"

भोंगाबाई चावायची थांबली. हे ताईने कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"पडेन," ती म्हणाली. "तुझ्या घरीसुद्धा पडेन. पण तिथे मी पडायची वाट बघत खुर्चीत बसलेली असेन, आणि इथे काहीतरी करता करता पडेन. किल्ली शिंप्याकडे ठेवू. रोज सकाळी तुला फोन करेन. नाही आला तर त्याला पाठव. मोरीत धरायला दांडा बसवून घेऊ, दादा बसवेल. पण तोंडात चमचा नको, ताई. अगं, मी भरल्या गाडीसकट घाट उतरलेय. मला भरवू नकोस."

"आणि माझं मन?"

"ते तुझं तू सांभाळ. तेही मीच सांभाळायचं का?"

दादा खो खो हसला आणि ताईने बघितल्यावर खोकल्याचं नाटक केलं. ताई उठली. आपली पिशवी भरली, चपला घातल्या आणि टेम्पोत जाऊन बसली. जमिनीवरचं अंडं तिने जाताना पुसलंच. तेवढं केल्याशिवाय तिला राहवलं नाही. दादाने टेबलावरचा तवा खरवडून संपवला, दांडा पुढच्या आठवड्यात बसवायचं कबूल केलं आणि तोही गेला. टेम्पो रिकामा परतला.

भोंगाबाई दुपारभर खोकी उपसत बसली. कपबश्या जागेवर लावता लावता दोनदा रडली, एकदा हसली, आणि संध्याकाळी अंग इतकं दुखत होतं की पाठ टेकताच झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोन केला. ताईने उचलला आणि लगेच ठेवला. त्यानंतर रोज तसंच. उचलायची, श्वास ऐकू यायचा, ठेवायची. भोंगाबाईने फोन करायचा सोडला नाही. मग एके दिवशी पलीकडून आवाज आला.

"आज काय केलंस?"

"तेच. आज कोबी घातला होता."

"कोबी? कोबी तव्यात कच्चा राहतो."

"राहत नाही."

"राहतो. आधी वाफवावा लागतो."

"बारीक चिरला तर नाही राहत."

"तू एका हाताने काय बारीक चिरणार आहेस, कर्म माझं!"

"ये आणि बघ," भोंगाबाई म्हणाली, आणि दोघींची कोबीवरून अशी काही जुंपली की शेगडीवरचा चहा उतू गेला तरी तिला पत्ता नव्हता.