कॉलरपट्टीतल्या गाठी

"मास्तर, ह्यो शर्ट माहा हाय. ह्याला सांगा, काढ म्हनावं अंगातून!"

"काहून काढू? माह्या मापाचा हाय, माह्या अंगात बसलाय."

बुद्धभूषण आणि रामकिसन माझ्या दुकानात एकमेकांची गचांडी धरायच्या बेतात होते. २०१३ सालचा एप्रिल, जयंतीचा आदला दिवस. देवगाव रंगारीच्या स्टँडासमोर माझं शिलाईचं दुकान आहे, गाव मला मास्तर म्हणतं. वस्तीतल्या मंडळानं मिरवणुकीसाठी पांढऱ्या कापडाचा एकच ताका आणला होता आणि त्यातून मी सत्तावीस शर्ट शिवले होते. या दोघांची छाती चाळीस, बाही सारखी, उंचीसुद्धा सारखी. शर्ट हुबेहूब एक असताना भांडायचं कारणच नव्हतं. पण विहिरी आटलेल्या, रानात हाताला काम नाही, मग रिकामी माणसं दुसरं काय करणार?

मी रामकिसनच्या अंगातला शर्ट उतरवला आणि कॉलरपट्टीची शिलाई दोन बोटं उसवली. एका ताक्यातून एकाच मापाचे कपडे निघाले की मी पट्टीच्या आत निळ्या दोऱ्याच्या गाठी मारून ठेवतो आणि कोणाच्या किती, ते मापाच्या वहीत लिहितो. शहागंजला ज्या उस्तादांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांची ही पद्धत. खडू पुसला जातो, शाई धुतली जाते, गाठ जात नाही, असं ते सांगायचे.

"मोज," मी म्हणालो. "चाळीस छातीवाले सहा जण हायेत तुमी. ह्यात पाच गाठी, म्हंजी बुद्धभूषणचा. तुह्या तीन."

"बघ लेका! सांगत व्हतो का नाय?" बुद्धभूषण हसला. रामकिसनही हसला, मी पट्टी पुन्हा शिवून ज्याचा शर्ट त्याच्या हातात दिला आणि दोघांनी एकाच कपातला चहा कपबशीत वाटून घेतला. माझ्या दुकानात दोघांना एकत्र पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

त्या वर्षी आमच्याकडे प्यायच्या पाण्याला टँकर होता आणि टँकरपुढं हंड्यांची अर्धा कोस रांग. औरंगाबादेत मात्र बीड बायपासला इमारतीवर इमारत चढत होती. नव्या स्लॅबवर दिवसभर पाणी मारायला तिथं माणसं लागत होती. गावात पाणी नाही म्हणून निघालेली आमची पोरं शहरात सिमेंटला पाणी पाजायला लागली. रामकिसन आणि बुद्धभूषण एकाच आठवड्यात गेले, दोघं वेगवेगळ्या ठेकेदारांकडे. जाताना दोघांच्याही अंगात जयंतीचाच शर्ट होता, कारण त्याहून बरा कपडा दोघांकडेही नव्हता.

रामकिसनला एक म्हातारी आई होती, आवडाबाई. बुद्धभूषणला बायको गीताबाई आणि दहा वर्षांची मुलगी मोनाली. मे महिन्यात दोघांचेही फोन लागेनासे झाले. आवडाबाई रोज माझ्या ओट्यावर येऊन बसायची आणि शहराकडून आलेल्या प्रत्येक एसटीतून कोण उतरतं ते बघायची. गीताबाईच्या कानावर वेगळंच आलं. कोणीतरी म्हणालं, बुद्धभूषण फर्दापूरला दिसला. लेणी पाहायला येणाऱ्यांना रंगीत दगड विकणारी एक बाई आहे, तिच्यासंगं दुसरं घर थाटलंय. कोणी पाहिलं, कधी पाहिलं, हे विचारायची गरज कोणाला वाटली नाही. हे सगळं माझ्याच ओट्यावर बसून चघळलं गेलं, आणि लपवून काय उपयोग, मीही त्यात भर घातली. "नवा शर्ट कामाला आला म्हनायचा," असं मी म्हणालो होतो. सगळे खूप हसले होते.

जूनच्या सुरुवातीला शहरातून एक हवालदार मोटरसायकलवर आला. हातात प्लास्टिकची पिशवी.

"मास्तर, ये लेबल तुम्हाराच है ना?"

पिशवीत मळलेला पांढरा शर्ट होता. लेबल माझं, कापड जयंतीचं, छाती चाळीस. एका नव्या इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर माणूस मरून पडलेला सापडला होता. उन्हानं गेला असावा. चार दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला.

"उद्यापर्यंत कोणी आलं नाही तर बेवारस म्हणून उरकून टाकावं लागतं," हवालदार म्हणाला. "कोणाचा शर्ट आहे, सांगा."

ओट्यावर आवडाबाई उभी राहिली होती. गावातल्या कोणाचा पत्ता नव्हता तर तो रामकिसनचा. बुद्धभूषणचा पत्ता सगळ्या गावाला ठाऊक होता, तो फर्दापूरला मजेत होता. माझ्या टेबलावर दोन लग्नांचे कपडे पडले होते, सकाळपासून गेलेली लाईट नुकतीच आली होती, आणि शर्टाला वास येत होता. पट्टी उसवून बघायला दोन मिनिटं लागली असती. मी ती दोन मिनिटं दिली नाहीत.

"रामकिसनचा," मी म्हणालो, आणि हवालदारानं पुढं केलेल्या कागदावर सही केली.

प्रेत गावात आणलं, वस्तीच्या स्मशानात दहन झालं. म्हातारीच्या पुतण्यानं अग्नी दिला. आवडाबाईच्या घरात चूल पेटवायची नाही म्हणून शेजारणीनं पिठलं-भाकरी करून नेली आणि म्हातारीला जवळ घेऊन कडू घास भरवला. ती शेजारीण गीताबाई होती.

त्यानंतर चार वर्षं गेली. आवडाबाईनं रामकिसनचा फोटो हार घालून भिंतीला लावला. रडून रडून ती निवली, पुढं शेळ्या राखायला लागली. गीताबाईचं मात्र काहीच निवलं नाही. हरवल्याची तक्रार द्यायला गेली तर तिला सांगितलं, आधी फर्दापूरला जाऊन बघ. ती दोनदा गेली. दगड विकणाऱ्या एकेका बाईपुढं नवऱ्याचा फोटो धरून उभी राहिली. तिथल्या बायांनी तिलाच पाणी पाजून परत पाठवलं. दिरानं खोली काढून घेतली. नवऱ्याला नको झालेली बाई आम्ही काय म्हणून सांभाळावी, हे त्याचं म्हणणं. मोनालीला शाळेत पोरं फर्दापूर म्हणून हाक मारायची.

२०१७ च्या जयंतीआधी आवडाबाई दुकानात आली. तिनं पदराखालून तोच शर्ट काढला. पोलिसांनी परत दिल्यापासून तो धुऊन तिनं पेटीत ठेवला होता.

"मास्तर, ह्याचा उशीला अभ्रा करून दे. पेटीत ठिवून काय करू? डोक्याखाली तरी राहील."

ती गेल्यावर मी शर्ट उसवायला घेतला. बाह्या काढल्या, खिसा काढला, कॉलरपट्टी उसवली. आत निळ्या दोऱ्याच्या गाठी होत्या. मी मोजल्या. चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. जुनी वही काढून नाव पाहिलं. पाच.

दोन दिवस मी मशीनला पाय लावला नाही, बायकोला सांगितलं की अंगात कणकण आहे. मनात एकच हिशोब चालला होता. बोललो तर गीताबाईच्या कपाळावरचा डाग जाईल, पण म्हातारीनं चार वर्षं भिंतीला लावलेला मुलगा पुन्हा एसटीच्या वाटेवर उभा राहील. गप्प बसलो तर कोणाला कळणार होतं? खरं सांगतो, मी गप्प बसायचं ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी गीताबाई मोनालीचा शाळेचा झगा घेऊन आली. उसवून वाढवायचा होता. ओट्यावर बसलेल्या एकानं तिला ऐकू जाईल असं म्हटलं, "बापाला सांगा की फर्दापूरला, नवा धाडंल." दोघं-तिघं हसले. गीताबाईनं मान खाली घातली आणि झग्याची घडी घालत राहिली. तिला सवय झाली होती.

मला ती सवयच सहन झाली नाही. ओट्यावरच्यांना मी हाकलून दिलं, तिला आत बसवलं आणि शर्ट पुढं ठेवला.

"गीताबाई, ह्या गाठी मोज."

तिनं मोजल्या. "पाच. काय हाय हे?"

"तुह्या मालकाचा शर्ट हाय. चार वर्सांमागं हवालदारानं आनला त्यो. मी न बघता रामकिसनचा म्हनून सांगितलं."

ती पट्टीवरून बोट फिरवत राहिली.

"म्हंजी स्मशानात आनला त्यो..."

"व्हय."

"त्यो फर्दापूरला गेलाच नव्हता?"

"नाय. तुमच्यासाठीच राबाया गेल्ता, आन् तिथंच पडला."

"आन् मी भाकरी थापल्या त्या दिशी," ती म्हणाली. "दुसऱ्याचं सुतक म्हनून. माह्याच मानसाचा कडू घास मी मावशीला भरवला, मास्तर." मग तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला तिच्या हातचा मार परवडला असता. "दोन मिंटं लागली नस्ती तुमाला."

मी म्हणालो, उद्याच शहरात जाऊ, पोलिसांना खरं सांगू.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहरात गेलो. तो हवालदार रिटायर झाला होता. नवीन साहेबानं फाईल काढून वाचली आणि शर्ट माझ्याकडं सरकवला.

"प्रेत ओळखलंय, ताब्यात दिलंय, दहन झालंय. आता दोऱ्याच्या गाठी घेऊन मी वर काय कळवू? आणि ही सही कोणाची?"

"माझीच, साहेब."

"मग?"

"बुद्धभूषण मेल्याचं तेवढं हिला लिहून द्या."

"मेलेला माणूस रामकिसन आहे. एका प्रेताला दोन नावं कशी देऊ?"

"मग रामकिसन हरवल्याची तरी तक्रार घ्या. त्याला कोणी शोधलंच नाही."

"मास्तर," साहेब थकल्यासारखा म्हणाला, "मेलेला माणूस हरवत नसतो."

म्हणजे कागदावर बुद्धभूषणला मरता येत नव्हतं आणि रामकिसनला हरवता येत नव्हतं. दोघांच्या मध्ये माझी सही बसली होती. बाहेर आल्यावर मी गीताबाईला म्हणालो की वकील बघू. ती म्हणाली, "कागद ऱ्हाऊ द्या तूर्त. ज्या ओट्यावर हसला, तिथंच उभं ऱ्हाऊन गावाला सांगा. माह्या पोरीसमोर सांगा."

जयंतीच्या दिवशी मिरवणूक स्टँडाजवळ आली तेव्हा मी मंडळाला थांबायची विनंती केली. हातात शर्ट घेऊन ओट्यावर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. गाठी दाखवल्या, वही दाखवली, फर्दापूरच्या गप्पांत मीही हसलो होतो तेही सांगितलं. बुद्धभूषणला नावं ठेवणारे तिथंच उभे होते, पण आता प्रत्येक जण दुसऱ्याकडं बघत होता. मोनाली आईचा हात धरून ताठ उभी होती. चार वर्षांत मी तिला तशी उभी पाहिली नव्हती.

मग गर्दी बाजूला झाली आणि आवडाबाई पुढं आली. तिला आधी घरी जाऊन सांगायला हवं होतं. तेवढी छाती माझी झाली नाही.

"म्हंजी माहा रामकिसन कुठं हाय?"

"ठावं नाय, मावशी."

"जिता हाय?"

"ते बी ठावं नाय."

"मंग चार वर्सं मी कोनासाठी रडले रं?"

गीताबाई पुढं झाली आणि तिनं म्हातारीला धरलं. "माह्या मालकासाठी, मावशी. मला तर रडाया बी मिळालं नाय. माह्या वाटचं तुमीच रडलात."

दोघी ओट्यावर बसून रडल्या. मिरवणूक वाजंत्री बंद करून उभी राहिली. मी शर्ट गीताबाईच्या ओटीत टाकला. तिला मिळालं ते एवढंच, उसवलेल्या शर्टाचे सुटे तुकडे.

आठ दिवसांनी आवडाबाई पुन्हा आली. भिंतीवरच्या फोटोचा हार तिनं काढून टाकल्याचं मला कळलं होतं. तिच्या हातात कोऱ्या पांढऱ्या कापडाची घडी होती.

"रामकिसनचं माप हाय ना तुह्या वहीत?"

"हाय, मावशी."

"मंग शर्ट शिव. आला तं अंगात घालाया काय हाय त्याला?"

"लई दिस झाले, मावशी. वाळला असंल, न्हायतर अंगानं भरला असंल."

"तेच माप धर. मला तेवढाच ठावा हाय त्यो."

मी चाळीस छातीचा शर्ट बेतला. त्या मापाचा दुसरा कोणाचाही कपडा दुकानात नव्हता, तरी कॉलरपट्टीत निळ्या दोऱ्याच्या तीन गाठी मारल्या आणि शिलाई घालण्याआधी दोनदा मोजल्या.

तो शर्ट अजून माझ्या दुकानात खुंटीला आहे. आवडाबाई रोज ओट्यावर येऊन बसते, शहराकडची प्रत्येक एसटी बघते. मधूनच आत येऊन शर्टाला हात लावते. घडी मोडलेली दिसली की मला शिव्या घालते, आणि मी इस्त्री गरम करायला ठेवतो.