दादाला जाऊ दे

शनिवारी दुपारी बाबा गॅरेजच्या दारात आडव्या टाकलेल्या टायरवर बसून चहा पीत होते आणि मिस्त्रींशी वाद घालत होते. मिस्त्रींनी कपाखाली नटबोल्टांची बशी दिली होती, आणि चहाला ग्रीसचा वास येतो अशी बाबांची तक्रार होती. मिस्त्री म्हणाले, वास इतकी वर्षं येतोच आहे, तुम्हाला नाक आजच कुठून फुटलं?

ती आत हेल्मेटची काच पुसत होती. तिलाही हसू आलं, पण लक्ष सारखं भिंतीवरच्या फळ्याकडे जात होतं. पात्रता फेरीत तिची गाडी सगळ्यांत पुढे आली होती, आणि तिच्या मागोमाग दादाची. उद्याच्या शर्यतीत ती पहिल्या जागेवरून सुटणार होती. दुसरी कुणी असती तर आनंदानं नाचली असती. हिनं पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली.

कारण पुढे असलं की काय होतं, ते तिला पाठ होतं. शर्यत अर्ध्यावर आली की कानातल्या रेडिओवर बाबांचा आवाज यायचा, दार लावून घे म्हणावं इतक्या साधेपणानं: "दादाला जाऊ दे." निरोप पोचला हे कळावं म्हणून ऐकणाऱ्यानं "समजलं" म्हणायचं, असा संघाचा नियम. ती "समजलं" म्हणायची, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरासा उचलायची, आणि दादा शेजारून निघून जायचा.

बाबांचं म्हणणं सरळ होतं. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. तरुणपणी त्यांनी एकाच संघाच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळलेल्या पाहिल्या होत्या, आणि त्यांतली एक त्यांची स्वतःची होती. म्हणून हंगामात ज्याचे गुण जास्त त्याला वाट. गुण दादाचे जास्त. आणि ते जास्त का, तर वाट दादाला मिळते म्हणून. घाण्याच्या बैलासारखं हे तिच्या डोक्यात वर्षभर गोल गोल फिरत होतं. तोंडातून एकदाही बाहेर पडलं नव्हतं.

"बारके, आरसेही पुसून ठेव," दादा जाता जाता म्हणाला. "उद्या त्यांत मीच दिसणार आहे."

"दिस की. पण तिथंच दिस."

तो हसला. तीही हसली. दोघांनाही माहीत होतं की हे काही त्या दोघांच्या हातात नाही.

संध्याकाळी बाबा नळावर हात धूत होते, तेव्हा ती टॉवेल घेऊन शेजारी उभी राहिली. विचारायचं एवढंच होतं, की उद्या मला माझी शर्यत पळू द्याल का. बाबांनी हात पुसले, मुठीनं छाती चोळली, पित्त झालंय म्हणाले आणि तिच्याकडे पाहिलं.

"काय गं?"

"गोळी घेतलीत का?"

"घेतो." टॉवेल तिच्या खांद्यावर टाकत ते म्हणाले, "आणि उद्याचं उद्या बघू. घोडामैदान जवळच आहे."

म्हणजे त्यांना प्रश्न कळला होता. ती रात्रभर उत्तराचाच विचार करत राहिली. पित्ताचा विचार तिनं केला नाही.

रविवारी सकाळी बाबा बूट घालायला वाकले आणि उठलेच नाहीत. दोन्ही गाड्या ताडपत्रीखाली राहिल्या.

पुढच्या महिन्यातली हंगामाची शेवटची शर्यत सोडून द्यावी, असं दोघा भावंडांचं जवळजवळ ठरलं होतं. आईच म्हणाली, जा, घरात बसून एकमेकांची तोंडं किती बघाल. म्हणून ती दोघं गेली. दादा पहिला आला तरच विजेतेपद त्याचं होणार होतं. दुसरा येऊन उपयोग नव्हता. ती आजवर एकदाही पहिली आली नव्हती. बाबांचा हेडफोन आता मिस्त्रींच्या डोक्यावर होता. तो त्यांना सैल होत होता, सारखा कपाळावर घसरत होता.

गाड्या सुटायच्या आधी दादा तिच्याजवळ आला आणि हातमोजा उगाच ओढत उभा राहिला.

"त्या शनिवारी बाबा तुला काही बोलले होते?"

"उद्याचं उद्या म्हणाले."

"मलाही तेच."

त्याला वाट मागायची होती, ते तिला स्पष्ट दिसत होतं. त्यानं मागितली नाही. तिला त्याचं वाईट वाटलं आणि रागही आला. मागितली असती, तर निदान कुणाचातरी हुकूम झाला असता.

शर्यत अर्ध्यावर आली तेव्हा ती पुढे होती आणि दादा मागे, आरसा भरून. तिचे कान ताठ झाले. आत नुसती खरखर. ज्या आवाजाच्या धास्तीनं तिचा जीव वर्षभर टांगणीला लागला होता, त्याच आवाजाची ती आता वाट बघत होती. यावा फक्त. आला, तर ती हसत पाय उचलेल, हवी ती वाट देईल. वळणाआधी पाय आपोआप सैल पडला. दादाच्या गाडीचं नाक तिच्या मागच्या चाकाशी आलं. तिनं दचकून पाय पुन्हा दाबला.

खरखर थांबली. "पोरी," मिस्त्री म्हणाले, "दादा मागे आहे. बाबा असते तर..." आणि अडखळले. "माझा हात पान्यावर चालतो गं, असल्या गोष्टींत नाही. तूच सांग."

स्टिअरिंगवरचं बोलायचं बटण तिनं त्या एका शब्दापलीकडे फारसं कधी वापरलं नव्हतं. तिनं ते दाबलं.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, दर वेळी मी जास्त जोरात होते. तुम्हाला ते माहीत होतं. दादाला वाट हवी असेल तर आज त्यानं ती घ्यावी. मी देणार नाही."