बोट मालनचं, जोर लताबाईचा

मी एक फळी बोलतेय. फळी कशी बोलेल, असा संशय तुम्हाला येईलच. येऊ द्या. मीही संशयी स्वभावाचीच आहे.

१९८३ साली पंचवटीतल्या धोंडीराम सुताराने एका कपाटाच्या उरलेल्या प्लायवूडमधून मला कापलं. त्याच्या मुलीचे, मालनचे, हातपाय जन्मापासून ताठर. बोलायला गेली की नुसता घोगरा आवाज निघे. एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "चित्रं लावा. ती नजरेनं दाखवेल." मग तिच्या आईने, लताबाईने, माझ्यावर खळीने चित्रं चिकटवली. भाकरी, पाणी, शाळा, संडाससाठी टमरेल. कोपऱ्यांत 'हो' आणि 'नाही'.

पण नजरेची वाट पाहायला लताबाईला धीर कुठला? ती मालनचा हात धरून चित्रावर टेकवायची. शेजारची साळूबाई म्हणे, "पोरगी कसली बोलती, लताच बोलती." मला राग यायचा, पण खरं सांगू? मलाही तेच वाटायचं. बोट मालनचं असे, जोर लताबाईचा. तो माझ्याच अंगावर येई, मला कळणार नाही तर कुणाला?

लताबाईला मालनला शाळेत घालायचं होतं. "तिला समदं कळतं, गुरुजी," ती हेडमास्तरांना म्हणाली.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी परीक्षेत पकडलेली कॉपी. "कळत असेल तर घेतो. पण तुम्ही दाराबाहेर थांबा."

त्यांनी मला मालनसमोर धरलं. "शाळेत यायचंय तुला?"

मालनची मान हलत राहिली. डोळे मात्र 'नाही'वर थांबले. दारातून पाहणाऱ्या लताबाईने कपाळाला हात लावला. संपलं, असं मलाही वाटलं.

"का गं?"

डोळे टमरेलावर गेले, तिथून दारातल्या आईकडे. शाळेत आई नसणार, मग संडासला कोण नेणार? हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

गुरुजी ओशाळले. "बाई, तुम्ही पढवलं असतं तर ही 'हो' म्हणाली असती. मधल्या सुट्टीत येत जाल?"

"येईन की."

पुन्हा विचारल्यावर मालनने 'हो'कडे पाहिलं.

घरी लताबाईने रोजचा दूधभात कालवला आणि मधेच थांबली. मला मालनसमोर ठेवून, हात मागे घेऊन म्हणाली, "आवडतो ना तुला?" मालनने 'नाही'कडे पाहिलं. इतकी वर्षं तोच घास भरवला होता. लताबाई तिथेच बसून रडली.

आता माझी चित्रं जाऊन बाराखडी आलीय. मालन चौथीत आहे. कधी तिच्याशी बोलायला आलात तर विचारा आणि हात मागे ठेवून थांबा. वेळ लागेल. आणि उत्तर 'नाही' आलं, तर तेही ऐका.