पत्रिकेवरची नक्षी

“देवाला न विचारता जागचं हलवायचं नाही, पद्मजा. आधी अक्षता, मग हात.”

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण हा आवाज पद्मजाताईंच्या कानातून गेला नव्हता. अथर्वशीर्ष म्हटल्याशिवाय त्या स्वतःही पाणी पीत नसत, आणि देवघरातली मूर्ती पुसायला उचलतानाही पुटपुटून परवानगी मागत. म्हणूनच हळदीच्या दुपारी शनिवार पेठेतल्या घरी कुरियरचं खोकं उघडलं, तेव्हा त्या दोन पावलं मागे सरल्या.

खोक्यात बूट होते. पांढऱ्या कॅनव्हासचे, लग्नासाठी मुद्दाम सजवून घेतलेले. आणि दोन्ही चवड्यांवर, सोनेरी जरीत, गणपती.

“मी भरतकामवाल्यांना इतकंच लिहिलं होतं गं मावशी, की पत्रिकेवरचं डिझाइन हवं,” पूर्वा रडवेली झाली. “मला काठावरची वेल म्हणायची होती!”

“आणि पत्रिकेत सगळ्यात वर कोण असतं?” तिचे वडील संजयराव म्हणाले. “नशीब, घोट्यावर ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ नाही विणलं.”



पूर्वा पद्मजाताईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यावर त्यांच्याच हाताखाली वाढलेली, आता हिंजवडीत आयटीत नोकरीला. डावा पाय जन्मापासून आखूड. त्या पायाच्या मापाने आतून तळ उंच केलेला धड जोड एकच होता, आणि तोच तिने ऑनलाइन सापडलेल्या दुकानाकडे भरतकामाला धाडला होता. रोजचे जुने बूट तळातून उकललेले. लग्न उद्या सकाळी.

“वरून पांढरा रंग फासू,” संजयराव म्हणाले.

“अहो, देवाच्या तोंडाला रंग फासायचा?” पद्मजाताई म्हणाल्या.

“मग उसव ना तू,” पूर्वा म्हणाली. “देवळातल्या देवाची वस्त्रं तूच शिवतेस. तुझ्याइतका हलका हात कुणाचा आहे?”

“गणपतीवर कात्री चालवू? माझ्याच्यानं नाही होणार, बाळा.”

“मग घालू तसेच?”

“छे! पायात देव?”

“मग करू काय मी?” पूर्वाचा आवाज चिरकला. “सासरी अनिरुद्धच्या आत्याने विचारलंय सगळ्यांसमोर, मुलगी अक्षता पडेपर्यंत उभी राहील ना म्हणून. बोहल्यावर मी अनवाणी उभी राहीन गं, तिथे पायाचं नाही कळत. पण दारापासून तिथवर? साडी सावरत, लंगडत? आणि तू शब्द दिला होतास!”

दिला होता. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचातून वगळलं म्हणून ही पोर हुंदके देत होती, तेव्हा मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या होत्या, तुझ्या लग्नात तू दारापासून बोहल्यापर्यंत ताठ चालत जाशील, माझा शब्द.

पद्मजाताई देवघरात गेल्या आणि दिव्यापुढे बसल्या. बाहेर हळदीच्या बायका जमू लागल्या होत्या. कुणीतरी पूर्वाला हाका मारत होतं.

न विचारता हलवायचं नाही. शब्द तेच, पण कधीचे? विसर्जनाच्या दिवशीचे. मखरातली मूर्ती उचलायला नवी सून घाईने पुढे झाली, तेव्हा सासूबाईंनी मनगट धरलं होतं. मग स्वतःच अक्षता वाहिल्या, मूर्ती जराशी सरकवली आणि ‘आता उचल’ म्हणाल्या. हलवू नको, असं त्या म्हणाल्याच नव्हत्या. न विचारता हलवू नको, म्हणाल्या होत्या.

सासूबाईंना बुटांवरचा देव पटला असता का, कोण जाणे. पद्मजाताई उठल्या.

पाटावर कोरं फडकं अंथरून त्यांनी बूट ठेवले. दोन्हीवर अक्षता वाहिल्या, पाट किंचित सरकवला. “चुकून आलास बाबा इथे,” त्या हळूच म्हणाल्या. “धागा टाकणार नाही. तुझ्याच नव्या वस्त्रावर बसवीन, तोवर अन्न घेणार नाही. परत ये.”

कात्री लावलीच नाही. सुईच्या टोकाने एकेक टाका उचलायचा, जरीचा धागा ओढून घ्यायचा. टोक जास्त घुसलं तर कापड फाटणार, आणि बदली जोड नाही. पूर्वा बूट गच्च धरून बसली होती, श्वाससुद्धा बेताने घेत. सोंडेपाशी टर्र झालं.

“मावशी!”

“हलू नकोस.”

भोक तांदळाएवढंच होतं. वेलीचं पहिलं पान तिथेच आलं. दिवेलागणीला पूर्वा अंगाची हळद धुऊन आली, तेव्हा दोन्ही बुटांवर पत्रिकेच्या काठावरची हिरवी वेल चढली होती.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या दारात पूर्वाने मावशीचा हात क्षणभर दाबला आणि सोडला. सनई सुरू झाली. पद्मजाताई तिच्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडेच बघत होत्या. पाऊल पडलं. दुसरं पडलं. खांदा झुकला नाही. अनिरुद्धच्या आत्या पुढच्या रांगेतून वाकून बघत होत्या. त्यांनी आधी बूट बघितले, मग पूर्वाची ताठ मान, आणि सावकाश मागे टेकून बसल्या. बोहल्यापाशी पूर्वाने बूट काढले, ते संजयरावांनीच वाकून उचलले.

अक्षता पडल्या. पंगत बसली.

“पद्मजाताई, पान वाढलंय,” नवरीच्या खोलीत डोकावून संजयराव म्हणाले. “मठ्ठा संपायच्या आत या. व्याही पितात भरपूर.”

“तुम्ही बसा संजयराव. आलेच.”

त्यांनी दार लोटलं. पिशवीतून देवाच्या वस्त्रासाठी आणलेला लाल रेशमाचा तुकडा काढला, शेजारी बुटांवरून काढलेल्या सोनेरी जरीची गुंडाळी ठेवली. कालपासून पोटात काही नव्हतं, सुईचं नेढं दोनदा हुकलं. मग दोरा गेला. ओठ हलले, आणि पद्मजाताईंनी पहिला टाका घातला.