घोंगडी आणि लाल दोरी

हर्षदा कोळपे दिवसाला किती पाणी पिते, हे तिला घोटांत सांगता यायचं. सकाळी झेरॉक्सचं दुकान उघडताना दोन, दुपारी डब्याबरोबर तीन, आणि मग संध्याकाळी घरी पोचेपर्यंत बंद. तिच्या दोन्ही पायांना पोलिओ झालेला, मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर, काखेत कुबड्या. शिरूरच्या अख्ख्या बाजारपेठेत तिला जाता येईल असा एकही संडास नव्हता. एकाला तीन पायऱ्या, दुसऱ्याचं दार हातभर रुंद, तिसरा म्हणजे नुसता आडोसा. त्यापेक्षा पाणी न पिणं सोपं. पण गेल्या उन्हाळ्यात मूतखड्यानं तिला पार लोळवलं आणि डॉक्टरांनी बजावलं, "दिवसाला तीन लिटर. नाहीतर पुढचा खडा ऑपरेशनचा."

त्यामुळे २००६ साली पुण्याच्या एका ट्रस्टनं बाजारतळाच्या कोपऱ्यावर, बरोबर तिच्या दुकानासमोर, अपंगांसाठी स्वच्छतागृह बांधायला घेतलं तेव्हा पहिल्या विटेपासून हर्षदाचा डोळा त्यावर होता. उतार झाला, रुंद दार बसलं, भिंतीला स्टीलच्या दांड्या लागल्या. आणि एका शनिवारी सकाळी ठेकेदार विश्वजीत हातात कागद घेऊन दुकानात आला.

"ताई, एवढी सही मारा. वापरून बघितलं, सगळ्या सोयी चांगल्या हायेत, असं कुणीतरी अपंगानं लिहून द्यावं लागतंय. सोमवारी ट्रस्टचे साहेब उद्घाटनाला येणार. त्यांनी पास केलं की ह्याच नकाशावर दौंडला दुसरं."

"वापरून बघते, मग देते."

"बघायचं काय त्यात? टाईल्स तर माझ्या घरात न्हाईत असल्या बसवल्यात."

"पडल्यावर ओढायची घंटेची दोरी आहे ना, ती बघायची आहे."

दोरीच का, हे तिनं त्याला सांगितलं नाही. वर्षापूर्वी ती घरच्या मोरीत पडली होती. आतून कडी, आई रानात, हाका मारून घसा बसलेला. दीड तासानं शेजारणीनं दार तोडलं. तेव्हापासून कडी लावताना तिचा हात थोडा थांबायचा.

ती आत गेली. सगळं झकास होतं. फक्त दोरी दिसेना. मग वर बघितलं. लालभडक दोरीची छान गुंडाळी करून ती झरोक्याच्या गजाला गाठ मारून ठेवली होती. विश्वजीतलासुद्धा टाचा उंचावाव्या लागल्या असत्या.

"ही कुणी बांधली?"

"म्या बांधली," झाडलोटीला ठेवलेल्या सोजरबाई दारातून म्हणाल्या. "आठ दिस झालं गवंडी, सुतार, पेंटर, सगळी हितंच यायची. बसायची आन् उठताना दोरी वढायची."

"का?"

"पान्यासाठी! जुन्या संडासात साखळी वढली की पानी येतंय, सगळ्यांच्या अंगवळनी पडलंय. ते भिंतीवरलं बटन कुनाच्या ध्यानात येतंय? घंटी वाजली की मी पळत यायची, आन् मान्सं बघावं तर लेंग्याची नाडी धरून उभी. चार येळा झालं, पाचव्यांदा पालथ्या बादलीवर चढून दिली वर बांधून."

हर्षदानं दोरी सोडायला लावली. मग कुबड्या भिंतीला टेकवल्या, दांडी धरली आणि सावकाश फरशीवर बसली.

"अहो ताई, फरशी वली हाय!" विश्वजीत ओरडला.

"पडणाऱ्या माणसाला कोरडी फरशी कोण देणार?" ती आडवी झाली आणि हात वर केला. दोरीचं टोक वीतभर वरच राहिलं. "बघा. ही दोरी उभ्या माणसासाठी आहे. उभा माणूस कशाला घंटा वाजवेल?"

तिनं कुबडीच्या टोकानं दोरी कशीबशी अडकवून ओढली. काहीच वाजलं नाही.

"लाईट गेलीय," विश्वजीत खजील होऊन म्हणाला. "लोडशेडिंग. दोनला येती, मग वाजतंय बघा कसं."

"म्हणजे पडायचं ते दोननंतर."

सोजरबाई तोंडाला पदर लावून हसल्या. विश्वजीत मात्र हसला नाही. "ताई, आसं करू नका. सही न्हाई म्हंजी साहेब न्हाई, साहेब न्हाई म्हंजी ह्याला कुलूप. माझं काय जाणार? घोट मोजत तुम्हीच बसणार."

ते खरं होतं, म्हणूनच लागलं. दुकानात परतल्यावर तिनं पेनाचं टोपण काढलंसुद्धा. समोर वीस पावलांवर रुंद दार दिसत होतं. मग दौंडला अजून न बांधलेल्या त्या दुसऱ्या दाराआड कुणीतरी वीतभर वरच्या दोरीकडे बघत पडलंय, असं तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिनं टोपण परत लावलं आणि दुसऱ्या कागदावर लिहून दिलं: दोरी जमिनीपासून चार बोटांवर, टोकाला बांगडी, म्हणजे बोटं न मिटणाऱ्यालाही मनगट अडकवता येईल. घंटेला स्कूटरची बॅटरी. आणि घंटा संडासावर नको, समोर रखमाजीमामांच्या चहाच्या टपरीत, कारण तिथं दिवसभर माणूस असतो.

विश्वजीत कागद वाचून म्हणाला, "ताई, तुम्ही इंजिनेर का न्हाई झाला?" आणि बडबडत कामाला लागला.

रविवारी दुपारी चाचणी झाली. हर्षदा आत गेली, कडी लावली, फरशीवर निजली, घड्याळ बघितलं आणि बांगडी ओढली. टपरीत घंटा अशी दणाणली की कुणाच्या तरी हातून ग्लास पडल्याचं आतपर्यंत ऐकू आलं. लगेच पावलं पळत आली. शाब्बास!

मग पावलं थांबली.

"कोण हाय?" रखमाजीमामांचा आवाज.

"मी हर्षदा! पडलेय असं समजा!"

"बरं बरं, समजलो!"

पुढं काहीच होईना. एक मिनिट. तीन मिनिटं. बाहेर कुजबुज वाढत चालली.

"मामा, या की आत!"

"आत कसं येऊ, पोरी? बाईमानूस तू, आन् जागा ही असली. सोजरबाईला बलवायला मानूस धाडलाय."

"कुठं आहेत त्या?"

"निमोण्याला. हळदीला गेल्यात."

हर्षदानं डोकं फरशीला टेकवलं आणि तिला हसूच फुटलं. शेवटी दांडी धरून ती स्वतःच उठली आणि दार उघडलं. बाहेर सात पुरुष एका ओळीत, दाराकडे पाठ करून, मोठ्या अदबीनं रस्त्याकडे बघत उभे होते. बॅटरी, दोरी, घंटा सगळं चाललं होतं. आडवी आली होती ती माणसांची लाज. आणि त्या लाजेवर तिला रागही धरवेना.

"मामा, मी खरंच बेशुद्ध असते तर?"

रखमाजीमामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "डोळं मिटून आलो तर चालंल का?"

"नको. माझ्यावरच पडाल."

सगळे हसले. पण मामा हसता हसता थांबले. त्यांचं तरुणपण मेंढरांमागं गेलेलं, आणि तेव्हाची काळी घोंगडी अजून टपरीतल्या बाकावर असायची. ते जाऊन ती घेऊन आले. "रानात बाई बाळंत व्हायची, तवा आम्ही बाप्ये घोंगडीचाच आडोसा धरायचो. आधी घोंगडी आत टाकायची, मग मानूस आत. पडलेल्यानं पांघरून घ्यायची. आन् त्यो बोललाच न्हाई, तर आपन घालायची. मग कसली लाज?"

 हे हर्षदाच्या कागदात नव्हतं.

दाराबाहेर खुंटी ठोकली, घोंगडी टांगली. राहिली फक्त कडी. ती बाहेरून नाण्यानं फिरवता येईल अशी हवी होती. "सकाळी दुकान उघडलं की आणतो," विश्वजीत म्हणाला, "सही तेवढी..."

"कडी बसल्यावर."

सोमवारी कडी बसली आणि हात पुसतोय तोवर साहेबांची गाडी आलीच. पांढरा सफारी, गळ्यात हार, फीत कापली, टाळ्या झाल्या. विश्वजीतच्या फाईलमधल्या कागदावर सहीची जागा कोरीच होती आणि तो हर्षदाकडे देवाकडे बघावं तसा बघत होता. पुण्याहून प्रवास लांबचा. साहेबांनी हळूच विचारलं, "मी जरा आत जाऊन येतो, चालेल ना?" आणि ते आत गेले.

थोडा वेळ सगळं शांत होतं. मग टपरीत घंटा दणाणली.

रखमाजीमामांनी चहाची किटली तशीच सोडली. खुंटीवरची घोंगडी ओढली, दारावर दोन थापा मारल्या. "रखमाजी हाय! घाबरू नगा!" खिशातलं नाणं कडीच्या खाचेत फिरलं, दार उघडलं, आधी घोंगडी आत गेली, तिच्यामागं मामा, मामांच्या मागं सोजरबाई.

आतून साहेबांचा आवाज आला, "अहो, अहो! मी फक्त पाणी सोडत होतो!"

"पान्याचं बटन भिंतीवर हाय!" सोजरबाई खेकसल्या.

साहेब बाहेर आले तेव्हा सफारीवर घोंगडी होती आणि हारातला एक झेंडू कानावर. विश्वजीतनं फाईल पाठीमागं लपवली. मग तेच मोठ्यानं हसले. "किती वेळ लागला हो?"

"बेचाळीस सेकंद," हर्षदा घड्याळावरून नजर न काढता म्हणाली. "पण दौंडला दोरी टाकीपासून लांब घ्या, आणि बटणावर ठळक अक्षरात 'पाणी' असं लिहा. तुमचीसुद्धा चूक झाली, म्हणजे सगळ्यांची होणार."

"आणि घोंगडी?"

"ती इथल्यासारखीच."

विश्वजीतनं घाईघाईनं फाईल पुढं केली. तिनं सही केली, खाली वेळ लिहिली: बेचाळीस सेकंद. मग टपरीच्या बाकावर बसून म्हणाली, "मामा, एक ग्लास पाणी द्या."

मामांनी दिलं. तिनं ते घोट न मोजता संपवलं आणि ग्लास परत पुढं केला.