बहिणीचं दुखणं

नर्सने दारातून दुसऱ्यांदा नाव पुकारलं. नाव बाईचं होतं. बाकावरचा फ्रिज मेकॅनिक जागचा हलला नाही.

नाव त्याचंच होतं, आईबापांनी ठेवलेलं. ते मागे टाकून, दाढी राखून तो वर्कशॉपमध्ये सगळ्यांचा भाऊ झाला होता. पण दवाखान्याच्या कागदांना कोण समजावणार? त्यात आज नेमका वर्कशॉपमधला वेल्डर बायकोला घेऊन शेजारी बसलेला. माणूस लाख चांगला, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.

"आहेत का नाहीत?" नर्स वैतागली.

तेव्हा सोबत आलेली त्याची आई उठली. आजवर तिनं त्याला एकदाही मुलगा म्हटलं नव्हतं.

"मुलगी आली नाही. मी आई तिची. काय होतंय ते सांगते डॉक्टरांना," म्हणत ती आत गेली.

वेल्डर सरकून जवळ आला. "आई ना तुझी? बहीण आजारी आहे होय? कधी बोलला नाहीस, भाऊ."

"हं. बहीण."

"काय होतंय?"

"झोप लागत नाही तिला."

"लग्न लावून द्या. घोरायला लागेल," वेल्डर म्हणाला. बायकोनं त्याला कोपर मारलं.

मेकॅनिक हसला. हसला, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. स्वतःचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर खपवून तो वर त्यालाच हसला होता.

आई बाहेर आली आणि त्याला जिन्याच्या कोपऱ्यात घेऊन गेली.

"सगळं सांगितलं. रात्रभर येरझारा घालते, जेवत नाही. रडते तेव्हा नळ सोडून ठेवते."

हे घरात कुणाला ठाऊक नाही, अशी त्याची समजूत होती.

"मग त्यांनी विचारलं, जीव द्यावासा वाटतो का." आईनं हातातली चिठ्ठी पुढे केली. "मी नाही म्हटलं. बरोबर सांगितलं ना?"

शरमेनं त्याची मान वर होईना. तिनं पुढे केलेली गोळ्यांची चिठ्ठी त्यानं घेतली नाही. तो मागे फिरला.

"मघाशी पुकारलंत ना," तो नर्सला म्हणाला, "तो पेशंट मीच."

नर्सनं कागद बघितला, त्याची दाढी बघितली. "जा आत."

वेल्डरनं पाय आखडून घेतले आणि त्याला जायला वाट दिली.