एडिटिंग चालू आहे

करणने नगरच्या फोटो स्टुडिओतली नोकरी सोडली तेव्हा त्याने अख्ख्या देवळाली प्रवरेला ऐकवलं, की आता आपण कुणाचे नोकर नाही. नोकर होता तेव्हा हाच माणूस एकामागून एक लग्नांचे व्हिडिओ एडिट करून हातावेगळे करायचा, कारण मालक डोक्यावर उभा राहून शिव्या घालायचा. आता तो स्वतःचाच मालक झाला. आणि हा नवा मालक भलताच मायाळू निघाला, नोकराला दहा वाजेपर्यंत झोपू द्यायचा.

हे मत त्याच्या बायकोचं, मोनिकाचं. खाली दुकानात पासपोर्ट फोटो काढणं, फ्रेमा विकणं आणि आलेल्या गिऱ्हाइकाला तोंड देणं ही तिची कामं. करण वर माडीवर कॉम्प्युटरपुढे बसून मोठा होत होता.

मोठं होण्यासाठी त्याने आपल्यासारखेच चार मालक गोळा करून मोबाईलवर एक ग्रुप काढला होता. पहाटे पाचला उठायचं, आजचा संकल्प कॅमेऱ्यापुढे बोलून दाखवायचा, व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा आणि रात्री हिशोब द्यायचा, म्हणजे एकमेकांचा धाक राहतो म्हणे. त्यात एक विमा एजंट होता. शेळीपालन करणारा गोरक्ष होता, ज्याच्याकडे शेळी अजून आली नव्हती, फलक मात्र आला होता. करण पाचला उठायचा, तोंडावर पाणी मारायचा, व्हिडिओसाठी आणलेला गोल दिवा लावून छाती पुढे काढून बोलायचा, टाळ्यांची चित्रं मोजायचा आणि पुन्हा गोधडीत शिरायचा. रात्री सांगायचा, सत्तर टक्के झालं. गोरक्ष लिहायचा, जबरदस्त. झालेलं काम दाखव, असं त्या पाचांतला एकही शहाणा कधी म्हणाला नाही, कारण मग स्वतःचंही दाखवावं लागलं असतं.

मोनिकाला या सगळ्याची किळस यायची. गोधडीतून बाहेर आलेले त्याचे पाय पाहिले तरी तिच्या डोक्यात तिडीक जायची.

आणि खाली मुक्ताबाई यायच्या. कालव्यापलीकडच्या वस्तीवर त्यांचा ऊस होता. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांच्या सुकन्याचं लग्न करणने शूट केलं होतं, आणि त्याच दिवाळीत त्यांचे यजमान, कारभारी नावाचे, छातीत कळ येऊन गेले. कारभारी म्हणजे चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस. पण लग्नात त्यांनी पाहुण्यांची नावं पुकारणाऱ्याच्या हातातून माईक घेतला होता आणि लेकीबद्दल काहीबाही बोलले होते. मुक्ताबाई तेव्हा आत ओटी भरण्याच्या गडबडीत होत्या. त्यांनी ते ऐकलंच नाही. लोकांच्या मोबाईलमध्ये नुसता डीजे वाजत होता. नीट आवाज होता तो फक्त करणच्या कॅमेऱ्यात.

"झालं का गं, मोनिका?"

"एडिटिंग चालूय, मावशी. थोडंच राह्यलंय."

दिवाळीपासून हे चाललं होतं. मुक्ताबाई मान डोलवायच्या, पाणी प्यायच्या आणि माघारी जायच्या.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी सुकन्या माहेरी आली, आणि मुक्ताबाई एका दुपारी दुकानात येऊन बसल्या त्या उठेनात.

"आज मी जात न्हाई. झालं असंल तेवढं दे. नुसतं त्यांचं बोलनं दे."

मोनिकाच्या मनात आलं, कळू दे एकदा जगाला काय रत्न आहे ते. तिने त्यांना थेट माडीवर नेलं. करण गोल दिव्यापुढे बसून ग्रुपसाठी शिस्तीवर बोलत होता. मोनिकाला मनातून बरं वाटलं.

"मालक, भाषण राहू द्या," ती म्हणाली. "सुकन्याचं लग्न काढा. जसं असेल तसं."

करणने माउस हलवला. एक फोल्डर उघडलं, दुसरं उघडलं. संकल्पाचे व्हिडिओ ओळीने लागले होते, खाली सरकवावं तितके निघत होते. मग त्याने दुसरी डिस्क लावली आणि त्याचा चेहरा उतरला.

"श्रावणात डिस्क भरली होती," तो म्हणाला. "जागा करायला जुनं काढून टाकलं थोडं. मला वाटलं, दुसरीकडं कॉपी आहे."

"मग?"

"फोटो आहेत. व्हिडिओ नाही."

श्रावणानंतरही हा माणूस रोज पहाटे सुकन्याचं लग्न आज पूर्ण करणारच म्हणून छाती ठोकत होता, आणि रात्री सत्तर टक्के सांगत होता. नसलेल्या व्हिडिओचे सत्तर टक्के. त्याने ते फोल्डर एकदाही उघडलं नव्हतं. मोनिकाने मग काही शिल्लक ठेवलं नाही. आळशी, ढोंगी, शेळ्या नसलेल्या शेळीवाल्याचा दोस्त, वर्षभर साठलेलं सगळं तिने त्याच्या अंगावर ओतलं, आणि साथ मिळेल म्हणून मुक्ताबाईंकडे वळली.

मुक्ताबाई करणकडे बघतच नव्हत्या. त्या तिच्याकडे बघत होत्या.

"त्याचं मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "काम करनारा मानूस आन झोपलेला मानूस खालनंच वळखू येतो. पन तू म्हनायचीस, चालू हाय, थोडंच राह्यलंय. तुझ्या तोंडाकडं बघून मी माघारी जायची."

"मावशी, दुकानाची अब्रू..."

"तू येकदा म्हनली असतीस ना, की यानं हातच लावला न्हाई, तर मी तसंच्या तसं उचलून नेलं असतं. गानी आन रंग काय करायचे हुते मला? श्रावनापोतर हुतं की ते हितं. तू त्याला एवढी नावं ठेवतीस, पन त्याला झोपू कुनी दिलं?"

त्यांनी पदर सारखा केला आणि जिना उतरायला लागल्या. गुडघे दुखत असल्याने एकेक पायरी थांबून उतरत होत्या. मागे करण पुटपुटला, की उद्यापासून बघच. मोनिकाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती जिन्याच्या तोंडाशी गेली, मावशी म्हणायला तोंड उघडलं, पण पुढे काय बोलायचं ते तिला सुचेना. आजवर त्या बाईपुढे तिला शब्दांची अडचण कधी पडली नव्हती.